यंत्र येते आहे. करार कुठे आहे?

1969 मध्ये केंद्र सरकारने ‘ऑटोमेशन’च्या प्रश्नावर एक समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. वातावरण तापलेले होते. आयुर्विमा महामंडळाच्या कोलकात्यातल्या इमारतीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले होते, बँकांतल्या संघटना यंत्राचे नाव काढताच उसळत होत्या. समितीचा अहवाल 1972 मध्ये आला. पुढे संगणक आलाच. पण तो किती वर्षांत आला, कोणाशी बोलून आला आणि कोणाला न विचारता आला, हे आज मुद्दाम आठवावे असे आहे.

कारण तोच प्रश्न पुन्हा दारात उभा आहे आणि या वेळी पहारा द्यायला इमारतही नाही. यंत्र कर्मचाऱ्याच्याच मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत या विषयावर अहवालांचा पाऊस पडला. त्यातून वाचकाच्या हाती भीती तरी लागते, नाहीतर भाबडा उत्साह तरी. अहवाल काय म्हणतात, प्रत्यक्षात काय घडते आहे आणि आपल्याकडे त्याचा अर्थ काय, हे एकदा ओळीने पाहायला हवे.

आकड्यांचे भांडण

ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकल ऑस्बोर्न यांनी 2013 मध्ये 702 व्यवसाय तपासले आणि अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्यांना स्वयंचलनाचा मोठा धोका आहे, असे सांगितले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलून धरला. तीनच वर्षांनी ओईसीडी या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात अमेरिकेसाठी तोच आकडा 9 टक्क्यांवर आला. देश तोच, काळही जवळपास तोच. फरक मोजण्याच्या पद्धतीत होता. पहिल्यांनी अख्खा व्यवसाय एका फटक्यात मोजला, दुसऱ्यांनी त्या व्यवसायातला माणूस दिवसभरात कोणकोणती कामे करतो ते मोजले.

हा फरक समजून घ्यायला आपला तलाठी पुरेसा आहे. सातबाऱ्याची नक्कल देणे हे एके काळी त्याचे मोठे काम आणि तितकेच मोठे बळ होते. आज डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. 2021 पासून पीक पाहणीही शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची आहे. तरीही तलाठ्याचे पद गेले नाही. गारपिटीचा पंचनामा, वारसनोंद, बांधावरची भांडणे हे सगळे त्याच्याकडे राहिलेच. नोकरीतली काही कामे गेली, काही राहिली, काही नव्याने आली. आणि एक काम गुपचूप शेतकऱ्याच्या गळ्यात पडले. शेतात रेंज शोधत उभे राहून पिकाचा फोटो चढवण्याची मजुरी त्याला कोणी देत नाही. स्वयंचलनाच्या हिशेबात ही ग्राहकावर ढकललेली मेहनत सहसा धरली जात नाही.

नंतरचे आकडेही याच नजरेने वाचावेत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी 2024 मध्ये सांगितले की जगातल्या सुमारे 40 टक्के नोकऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) टापूत येतात. श्रीमंत देशांत हे प्रमाण 60 टक्के आहे. टापूत येणे म्हणजे जाणे नव्हे. त्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांत एआय माणसाच्या हाताशी येईल, काहींत त्याच्या जागी. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या 2025 च्या अहवालानुसार 2030 पर्यंत 9.2 कोटी नोकऱ्या जातील आणि 17 कोटी नव्या येतील. हा मोठ्या कंपन्यांना विचारून काढलेला अंदाज आहे. कागदावर बेरीज नफ्याची दिसते. पण जाणारी नोकरी पिंपरीतल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाची असेल आणि येणारी हैदराबादेतल्या तेवीस वर्षांच्या मुलीला मिळणार असेल, तर शिल्लक राहिलेल्या 7.8 कोटींचे त्या माणसाने काय करायचे?

आधी काय झाले

यंत्राने काम कायमचे संपते, हे भाकीत आजवर अनेकदा खोटे ठरले आहे. अर्थतज्ज्ञ केन्सने 1930 मध्ये लिहिले होते की आपल्या नातवंडांना आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. नातवंडे म्हातारी झाली, तरी कामाचे तास तिथवर उतरले नाहीत. अमेरिकेत एटीएम आल्यावर प्रत्येक शाखेतले रोखपाल कमी झाले. पण शाखा चालवणे स्वस्त पडू लागल्याने बँकांनी शाखाच वाढवल्या आणि कित्येक वर्षे रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञाने मांडलेले हे उदाहरण आशावादी मंडळींच्या फार आवडीचे. मोबाइल बँकिंग आल्यावर मात्र हे रोखपालही कमी होऊ लागले, हा उत्तरार्ध ते सहसा सांगत नाहीत.

आपल्या बँकांची गोष्ट अधिक बोलकी आहे. 1983 मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. किती यंत्रे, कुठे आणि कशासाठी, हे त्यात ठरले. लेजर पोस्टिंग मशिनवर बसणाऱ्याला विशेष भत्ता मिळू लागला. पाठोपाठ सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली 1984 आणि 1988 मध्ये दोन समित्या झाल्या आणि 1993 मध्ये संगणकीकरणाचा आणखी व्यापक करार झाला. कोअर बँकिंग त्यानंतर आले. मधल्या काळात खातेवह्या ओढणारी पिढी निवृत्तीच्या जवळ पोहोचली. 2000-01 मध्ये एक लाखाहून अधिक बँक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ती प्रत्येकाने कितपत स्वेच्छेने घेतली, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. तरीही हातात पैसे घेऊन, सही करून ते बाहेर पडले. यंत्र थांबले नाही, पण ते कोणत्या अटींवर येणार यावर कर्मचाऱ्यांचा हात राहिला.

त्याही आधी, 1928 मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत मालकांनी ‘रॅशनलायझेशन’ आणले. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, असा त्यातला एक भाग होता. सहा महिने संप चालला. त्या संपातली एक बाब आजच्या चर्चेतही विसरता येणार नाही. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. तो प्रवेश मिळावा, ही मागणीही संपाच्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला. कोणाची नोकरी जाते, एवढेच विचारून भागत नाही. चांगल्या कामाच्या दारात कोणाला उभे केले जाते आणि कोणाला नाही, हा प्रश्न प्रत्येक नव्या यंत्राबरोबर नव्याने येतो.

या वेळी फळी बदलली

डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मर्नेन या अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये मांडले होते की संगणक ठरीव कामे घेतो, म्हणजे ज्यांचे नियम लिहून देता येतात ती. विचारवंत मायकल पोलान्यीने तर 1966 मध्येच दाखवून दिले होते की माणसाला जेवढे कळते तेवढे सगळे त्याला सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते संगणकाला शिकवता येत नव्हते आणि माणसाची जागा त्यामुळे सुरक्षित होती. आजच्या प्रणालींनी हा बांध फोडला. त्या नियमांवर चालत नाहीत, कोट्यवधी उदाहरणांवरून शिकतात. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि मसुदा, सारांश, भाषांतर, कोड ही कामे एकदम यंत्राच्या टप्प्यात आली.

त्यामुळे धोक्याची फळी उलटी झाली. गवंडी, प्लंबर, दाई, इलेक्ट्रिशियन यांच्यापर्यंत यंत्राचा हात अजून नीट पोहोचत नाही. टेबलावरच्या कागदापर्यंत मात्र तो सहज पोहोचतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2023 च्या अभ्यासात सर्वांत जास्त झळ कारकुनी कामांना बसेल, असे निघाले. कारकुनीत स्त्रिया जास्त, म्हणून झळही त्यांना जास्त. आपल्याकडे याचा अर्थ कळायला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या एखाद्या अभ्यासिकेत डोकवावे. लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी आजही मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट हा वेग लागतो. टायपिंगच्या परीक्षा टाइपरायटरवरून संगणकावर गेल्या. आता बोललेले मराठी थेट टंकित होऊ लागले आहे. सरकारी पद लगेच जाणार नाही. पण पाच-सात वर्षे, आईबापांचे पैसे आणि ऐन तारुण्य ज्या पदासाठी खर्ची पडते, त्या पदाच्या किती जागा पुढे निघतील, हे त्या मुलांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

भाकितांच्या बाबतीत सावधही राहायला हवे. एआय संशोधनातले मोठे नाव जेफ्री हिंटन यांनी 2016 मध्ये म्हटले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. हिंटन यांना 2024 चे नोबेल मिळाले. रेडिओलॉजिस्टची मागणी मात्र अमेरिकेत कमी झाली नाही. एक्स-रे वाचणे हे त्या डॉक्टरच्या अनेक कामांपैकी एक काम आहे, हे यंत्र बनवणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते.

हाती आलेला पुरावा

आता अंदाजांकडून मोजमापाकडे येऊ. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी एका कंपनीच्या पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. एआयची मदत मिळाल्यावर काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढले, नवख्यांचे तर 34 टक्क्यांनी. जुन्या, मुरलेल्या लोकांना फारसा फरक पडला नाही. उलट 2025 मध्ये मेटर या संस्थेने अनुभवी प्रोग्रॅमरांवर केलेल्या प्रयोगात एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि गंमत अशी की आपण वीस टक्के वेगाने काम केले, असे त्यांना स्वतःला वाटत होते. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले डॅरन असेमोग्लू यांच्या हिशेबाने एआयमुळे दहा वर्षांत एकूण उत्पादकतेत एक टक्काही भर पडणार नाही. म्हणजे ‘क्रांती झाली’ असे म्हणायला आज पुरावा नाही आणि ‘काहीच होत नाही’ असे म्हणायलाही नाही.

एक खूण मात्र काळजी करावी अशी आहे. ब्रिन्यॉल्फसन यांच्याच 2025 च्या अभ्यासात, एआयची झळ सर्वाधिक असलेल्या व्यवसायांत 22 ते 25 वयाच्या अमेरिकी तरुणांची रोजगारसंख्या तुलनेने 13 टक्क्यांनी घटलेली दिसली. त्याच व्यवसायांतले वयाने मोठे लोक टिकून होते. नवख्याला यंत्राचा फायदा सर्वांत जास्त, पण नवखा कामावर घेतलाच कमी जातो, अशी ही अडचण आहे.

पुण्याच्या आयटी कंपन्यांच्या हिंजवडीला हे वाचून दाखवायची गरज नाही. भारतीय आयटी कंपन्यांची रचना वर्षानुवर्षे पिरॅमिडची राहिली आहे. तळाशी कॅम्पसमधून उचललेले हजारो फ्रेशर, वर थोडे अनुभवी, आणि परदेशी ग्राहकाला बिल माणसांच्या तासांवर. फ्रेशरचे पॅकेज दशकभर वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळले, तरी इंजिनीअरिंगला गेलेल्या निम्न-मध्यमवर्गीय घराची पहिली शिडी तीच होती. टेस्टिंग, जुन्या कोडची डागडुजी, सपोर्ट तिकिटे ही त्या पायरीवरची कामे. यंत्राला नेमकी तीच जमतात. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात भरणा मधल्या आणि वरच्या फळीतल्यांचा असेल आणि कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. कारण काहीही धरले, तरी माणसे वाढवली की धंदा वाढतो हे जुने गणित सुटत चालले आहे, हे कळायला ही बातमी पुरे. आणि आज फ्रेशर घेतलेच नाहीत, तर दहा वर्षांनी अनुभवी माणसे आणायची कुठून, याचे उत्तर अजून कोणत्याही कंपनीने दिलेले नाही.

उसाच्या फडात

महाराष्ट्रात स्वयंचलनाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रसंग काचेच्या इमारतींपासून दूर घडतो आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अंदाजे आठ ते दहा लाख ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. हार्वेस्टर त्याच दिवसात शंभर टनांच्या घरात जातो. यंत्राची किंमत कोटीच्या पुढे, पण राज्य सरकारने 900 यंत्रांसाठी अनुदान योजना आणली: किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांत कमी असेल ते.

हे यंत्र सगळीकडे चालत नाही. सरीतले अंतर चार-पाच फूट हवे, रान सलग हवे, ऊस लोळलेला नको. गुंठ्यांच्या तुकड्यांत ते वळतच नाही. यंत्राच्या उसात पाचट जास्त येते म्हणून कारखाना वजनात कपात धरतो आणि शेतकरी कुरकुरतो. पण मजूर वेळेवर मिळत नाहीत, मुकादम उचल घेऊन पळतो, तोडणीसाठी वर पैसे द्यावे लागतात, हे अनुभव गाठीशी असलेला तरुण शेतकरी आता लावणच यंत्राच्या मापाने करतो आहे. यंत्र शेताजोगे होण्याची वाट कोणी पाहत नाही. शेतच यंत्राजोगे केले जाते.

मजुराच्या बाजूने पाहिले तर नुसती टनामागची मजुरी जात नाही. वाढे जाते. तोडणीत निघालेले हिरवे वाढे विकून रोजचा किराणा भागतो आणि बैलांची वैरणही त्यातूनच. यंत्र ते कुटून फडातच टाकते. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांच्या वाटाघाटीत तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढला. ती वाढ न्याय्यच होती. पण बोलणी होतात ती हाताने तोडलेल्या टनाच्या दरावर. यंत्राने उचललेल्या टनांबद्दल कोण कोणाशी बोलणार? ऊसतोड हे काम कोणी कौतुकाने जपावे असे नाही. पहाटेची थंडी, पालातला संसार, मुलांची बुडालेली शाळा, बीडमधल्या बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे 2019 मध्ये उघडकीस आलेले प्रकरण, हे सगळे पाहता हे काम संपले तर वाईट वाटायला नको. पण सरकार अनुदान यंत्रमालकाला देते. यंत्रामुळे घरी बसणाऱ्या कोयत्याच्या हाती त्यातले काही पडत नाही.

नवे काम, जुनी मजुरी

यंत्र नवे काम आणते, हेही खरे. मराठी समजणारा संगणक घडवायला मराठी आवाज लागतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झालेल्या ‘कार्य’ या उपक्रमात महाराष्ट्रातल्या गरीब कुटुंबांतल्या लोकांनी मोबाइलवर मराठी वाक्ये वाचून तसा साठा तयार करून दिला आणि त्याचे पैसे मिळवले. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या ऊसशेतीत उपग्रह, सेन्सर आणि एआय यांचा मेळ घातला गेला. राज्याने 2025 मध्ये 500 कोटींचे ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. यातून तंत्रज्ञ, सल्लागार, दुरुस्ती करणारे लागतील.

संख्येने मोठे नवे काम मात्र ॲपवरचे आहे. नीती आयोगाच्या अंदाजाने 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील. इथे यंत्र मजुराची जागा घेत नाही, मुकादमाची घेते. कोणाला कोणती ऑर्डर, कोणता दर, कोणाचा आयडी बंद, हे अल्गोरिदम ठरवतो. मुकादमाशी निदान भांडता येत होते.

करार कोणाशी

2023-24 च्या सरकारी पाहणीनुसार देशातले 46 टक्के कामकरी शेतीत आहेत आणि जवळपास 58 टक्के स्वयंरोजगारात. म्हणजे बहुतेकांना वाटाघाटी करायला समोर मालकच नाही. पगारदारांनाही कायदा फार हात देत नाही. तांत्रिक बदलाने कामगार कपात होण्याची शक्यता असेल, तर आधी नोटीस द्यावी, ही औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कपात झालेल्याला पुनर्कौशल्यासाठी पंधरा दिवसांचे वेतन देण्याचीही सोय त्यात केली आहे. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस कोणते नवे कौशल्य शिकणार, हे संहितेत लिहिलेले नाही. शिवाय कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली.

करार करता येतो, हे हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 मध्ये दाखवले. जवळपास पाच महिन्यांच्या संपानंतर एआयने लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा मेहनताना कमी करता येणार नाही, अशी अट त्यांनी पदरात पाडून घेतली. पण त्यासाठी इतके लांब पाहायची गरज नाही. 1969 चा माथाडी कायदा महाराष्ट्राचाच. एकच मालक नसलेल्या हमालासाठी मंडळ, प्रत्येक कामावर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना. राजस्थानने 2023 मध्ये आणि नंतर कर्नाटकाने ॲपवरच्या कामगारांसाठी कायदे केले, त्यांत मंडळ आणि व्यवहारावरची लेव्ही ही याच धर्तीची कल्पना आहे. जिथे ती जन्मली, त्या महाराष्ट्राने ती हार्वेस्टरवर का लावू नये? यंत्राने तोडलेल्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम ऊसतोड मजुरांच्या निधीत जमा करणे कारखान्यांच्या काटापट्टीवरून सहज शक्य आहे. टनांचा हिशेब तिथे रोजच होतो.

एआय किती नोकऱ्या घेईल, याचा आकडा आज कोणाकडेही नाही आणि तो जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ज्यांच्या हाती संघटना, कायदा किंवा निदान कराराचा कागद होता त्यांनी यंत्राचा धक्का पचवला आणि ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांच्यावर तो आदळला, एवढे मात्र शंभर वर्षांचा अनुभव सांगतो. म्हणून तुमच्या कार्यालयात, कारखान्यात किंवा संस्थेत नवी प्रणाली येईल तेव्हा प्रशिक्षणाच्या चहाबिस्किटांवर समाधान मानू नका. कोणती कामे जाणार, वाचलेल्या वेळेचा फायदा कोणाला मिळणार, नव्या मुलांची भरती चालू राहणार का आणि चूक यंत्राची झाली तर जबाबदार कोण, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी मागा.